इंटर्नशिपच्या अहवालातून केस कशी घडवावी : विभागप्रमुख आणि अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विभागप्रमुख, इंटर्नशिप समन्वयक आणि अभ्यासमंडळांचे सदस्य

स. न. वि. वि.

दरवर्षी विद्यार्थी इंटर्नशिपहून परततात, अहवाल जमा करतात, व्हायवा होतो, गुण भरले जातात आणि अहवाल कपाटात किंवा सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये जातो. पुढे तो कोणी उघडत नाही. त्याच विभागात, कदाचित त्याच आठवड्यात, मशीन डिझाइन शिकवणारा शिक्षक फळ्यावर ‘एका शाफ्टवर अमुक इतका बेंडिंग मोमेंट आहे’ असे लिहून उदाहरण सोडवत असतो. तो मोमेंट, म्हणजे वाकवणारा परिणाम, आला कुठून, मोजला की गृहीत धरला, शाफ्ट त्याच मापाचा का ठेवावा लागला, यातले काहीच त्या उदाहरणात नसते. अहवालात ते असते. निदान असू शकते.

आमची मागणी अशी, की प्रत्येक विभागाने दरवर्षी या अहवालांतून दोन-तीन चांगल्या केस, म्हणजे खऱ्या कामातला एखादा निर्णय वर्गात सोडवण्यासाठी मांडणारे लेख, तयार कराव्यात आणि त्यासाठी इंटर्नशिपचे नियम थोडे बदलावेत. यातली कोणतीही कल्पना नवी नाही. हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयात १८७० साली लँगडेल यांनी केसवरून शिकवायला सुरुवात केली. शिक्षण आणि नोकरीतले काम आलटून पालटून देणारा अभियांत्रिकी अभ्यासक्रम सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सुरू केला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९५७ पासून अशी पद्धत आहे आणि तिथे विद्यार्थ्यांच्या कामाच्या अहवालांवरून डिझाइनच्या वर्गांसाठी केस लिहिल्या गेल्या. म्हणजे हे जमते. पण अहवालाची पाने कमी केली की केस झाली, असे समजून सुरुवात केली तर ते जमत नाही, आणि बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात.

आज वर्गात केस म्हणून जे शिकवले जाते, त्यात मोठे अपघातच जास्त. कॅन्सस सिटीतल्या हॉटेलचे झुलते पादचारी मार्ग १९८१ मध्ये कोसळले आणि ११४ माणसे गेली. वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या एका सळईच्या जागी दोन सळया घेतल्या आणि वरच्या मार्गाच्या तुळईच्या जोडावर दुप्पट भार आला. हे प्रत्येक अभियंत्याला माहीत असायलाच हवे. पण ही केस वाचणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. सळईचा जोड बदलला हेच चुकले, हे पहिल्या पानापासून दिसते. त्या दिवशी ड्रॉइंग तपासणाऱ्याला ते का दिसले नाही, हा अवघड प्रश्न मागे राहतो. इंटर्नशिपमधले काम छोटे असते, त्यात कोणी मरत नाही, शेवट कोणाला माहीत नसतो. शिकवायला तेच हवे.

अहवाल आणि केस यांच्यातला फरक एका उदाहरणाने सांगतो. समजा, अहवालात असे लिहिले आहे : ‘कन्व्हेयरचा ड्राइव्ह शाफ्ट वारंवार तुटत होता. निरीक्षणाअंती फिलेटची त्रिज्या कमी असल्याचे आढळून आले. ती १ मिमीवरून ३ मिमी करण्यात आली व समस्या दूर झाली.’ (फिलेट म्हणजे शाफ्टचा व्यास बदलतो त्या कोपऱ्यातली गोलाई.) परीक्षकाला हे पुरते. केस लिहिणाऱ्याला यात जवळजवळ काहीच मिळत नाही.

‘वारंवार’ म्हणजे किती दिवसांनी? शाफ्ट मिनिटाला २०० फेरे घेत असेल आणि कन्व्हेयर रोज १६ तास चालत असेल, तर दिवसाला १,९२,००० चक्रे होतात. दर २१ दिवसांनी शाफ्ट तुटत असेल तर तो सुमारे ४० लाख चक्रे टिकतो. स्टीलची एन्ड्युरन्स मर्यादा, म्हणजे ज्याखाली कितीही चक्रे झाली तरी भाग सहसा तुटत नाही तो ताण, साधारण १० लाख ते १ कोटी चक्रांच्या टप्प्यात स्थिर होते. म्हणजे इथला ताण त्या मर्यादेच्या थोडाच वर आहे आणि ताणाचे केंद्रीकरण, म्हणजे कोपऱ्यात ताण एकवटणे, थोडे कमी केले तरी शाफ्ट वाचण्याची शक्यता आहे. तोच शाफ्ट दोन दिवसांत तुटत असता तर फिलेटच्या आधी भार, बेल्टचा ताण आणि अलाइनमेंट यांच्याकडे बघावे लागले असते. सगळे निदान तुटण्याच्या तारखांवर उभे आहे आणि अहवालात त्यांच्या जागी ‘वारंवार’ हा एक शब्द आहे.

आता उपाय पाहा. शाफ्ट बेअरिंगपाशी ४० मिमीचा आणि त्याला लागूनचा जाड भाग, म्हणजे शोल्डर, ५० मिमीचा धरू. वाकवण्याच्या भारासाठी १ मिमी फिलेटला ताण-केंद्रीकरणाचा गुणक साधारण २.२ येतो, ३ मिमीला साधारण १.७. वहीत हा उपाय पूर्ण गुणांचा आहे. पण त्या जागेवर ६२०८ क्रमांकाचे बेअरिंग असेल, तर त्याच्या आतल्या कडेची गोलाई किमान १.१ मिमी असते आणि कॅटलॉग सांगतो की शाफ्टचे फिलेट १ मिमीपेक्षा मोठे नको. ३ मिमीचे फिलेट दिले तर बेअरिंग शोल्डरला टेकतच नाही, फिलेटवर चढून बसते. ते तिरके बसू शकते, आतली रिंग एका कडेवर दाबली जाते आणि थोड्या दिवसांत शाफ्टऐवजी बेअरिंग जाते.

मग ‘समस्या दूर झाली’ ती कशी? बहुधा मध्ये आतून चॅम्फर (तिरकी कापलेली कड) दिलेली कॉलर रिंग घातली असेल. त्या रिंगचा चॅम्फर ३ मिमीपेक्षा थोडा मोठा लागतो. ३.५ मिमी ठेवला तर शोल्डरवर टेकायला ४७ ते ५० मिमी व्यासाची अरुंद पट्टी उरते. रिंगच्या जाडीएवढे बेअरिंग शोल्डरपासून दूर सरकते, म्हणून हाउसिंगची भोके किंवा शाफ्टची लांबी बदलावी लागते. कदाचित कोणी शोल्डरच्या तोंडात अंडरकट (आत शिरणारी खाच) घ्यायचे सुचवले असेल, कोणी जास्त ताकदीचे स्टील सुचवले असेल. स्टीलची ताकद वाढली की खाचेबद्दलची संवेदनशीलताही वाढते, म्हणून टेन्साइल ताकद जितकी वाढली तितका फायदा फटिगमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने तुटण्याविरुद्ध, मिळत नाही. कोणी म्हणाले असेल, आधी बेल्टचा ताण मोजा. ही चर्चा विद्यार्थ्याने बहुतेक वेळा ऐकलेली असते. ‘हा तपशील झाला’ असे समजून किंवा ‘नाकारलेले पर्याय लिहिले तर गुण जातील’ या भीतीने तो ती गाळतो. केस नेमकी त्या गाळलेल्या भागात असते.

म्हणून पहिली दुरुस्ती अहवाल जमा झाल्यावर करून उपयोग नाही, ती इंटर्नशिप सुरू होण्याआधी व्हायला हवी. तीन महिन्यांनी विद्यार्थ्याला ‘तेव्हा दुसरे कोणते पर्याय होते?’ असे विचारले, तर तो आज माहीत असलेल्या उत्तराला शोभतील असे पर्याय सांगतो. मुद्दाम नव्हे, आठवण तशीच चालते. आमचा आग्रह आहे की प्रत्येक विद्यार्थ्याने दर आठवड्याला एक पान निर्णय-नोंद लिहावी. या आठवड्यात काय ठरवायचे होते, ते कोणाच्या हातात होते, कोणते पर्याय बोलले गेले आणि कोणता कशामुळे बाद झाला, त्या दिवशी कोणती माहिती हाताशी नव्हती. एवढेच. सोबत कच्ची मोजमापे, म्हणजे आलेख नव्हे तर आकडे, आणि ते कोणत्या उपकरणाने घेतले व त्याचा लीस्ट काउंट (मोजता येणारे सर्वांत लहान माप) किती. तुटलेल्या किंवा झिजलेल्या भागाच्या फोटोत शेजारी पट्टी हवी. तुटलेल्या तोंडाचा फोटो समोरून आणि बाजूने प्रकाश पाडून असे दोन घ्यावेत, कारण बीच मार्क (भेग टप्प्याटप्प्याने वाढल्याच्या वक्र खुणा) आडव्या प्रकाशातच नीट उठतात. ही तोंडे पुन्हा जुळवून बघू नयेत, घासली की खूण गेली. मात्र फोटो, आकडे किंवा नोंदी कंपनीबाहेर नेण्याआधी तिथल्या मार्गदर्शकाची परवानगी हवीच. नाहीतर नोंद तिथेच ठेवावी.

अहवालाच्या साच्यातून कंपनीच्या इतिहासाची आणि पाठ्यपुस्तकातून उतरवलेल्या सिद्धांताची पाने कमी करा. कंपनीची ओळख अर्ध्या पानात होते. त्या जागी ‘विचारात घेतलेले आणि सोडलेले पर्याय’ हा विभाग सक्तीचा करा आणि त्याला ठळक गुण द्या. गुण असतील तिथेच विद्यार्थी मेहनत घेतो.

बहुतेक अहवालांतून केस होणार नाही, हे आधीच मान्य करावे. ज्यात निदान दोन समर्थनीय पर्याय आहेत, मोजलेले आकडे आहेत, एकमेकींच्या आड येणाऱ्या अटी आहेत आणि ज्याबद्दल पुन्हा विचारायला तिथला अभियंता उपलब्ध आहे, तोच अहवाल घ्यावा. ‘सॉफ्टवेअर बसवले, प्रशिक्षण घेतले, अनुभव चांगला आला’ असा अहवाल कितीही नीटनेटका असला तरी सोडावा. उलट जिथे उपाय फसला, असे अहवाल जपून ठेवा.

लिहिण्याची रीत अशी ठेवावी. केसचे तीन भाग करा आणि ते वेगवेगळ्या वेळी वाटा. पहिला भाग निर्णयाच्या आदल्या दिवशी थांबतो. त्यात काय घडले, काय मोजले, किती वेळ आहे, कोण काय म्हणते आणि कोणावर निर्णयाची जबाबदारी आहे हे येते. ‘फिलेट’ हा शब्दसुद्धा त्यात ठळक येता कामा नये. ड्रॉइंगवर ‘आर १’ असे माप असते, तेवढे पुरे. दुसऱ्या भागात काय केले आणि त्यातून कोणती नवी अडचण आली ते येते, आपल्या उदाहरणात बेअरिंग न बसणे. तिसऱ्यात शेवटी काय ठरले आणि काही महिन्यांनी स्थिती काय होती ते. पहिला भाग तीन ते पाच पानांचा असावा, ड्रॉइंग, तक्ते आणि फोटो परिशिष्टात. अहवालातली ‘करण्यात आले’, ‘आढळून आले’ ही भाषा काढून टाका. केसमध्ये कोणी काय केले हे कर्त्यासकट हवे, कारण निर्णय माणसे घेतात आणि देखभालीचा प्रमुख व उत्पादनाचा प्रमुख यांच्या निकडी वेगळ्या असतात.

परिशिष्टात थोडी अनावश्यक माहितीही राहू द्या. मोटरची नेमप्लेट, कन्व्हेयरची लांबी, मागच्या वर्षीचा ग्रीसचा तक्ता. कामाच्या जागी कोणी उपयोगाचे आकडे वेगळे काढून देत नाही. काही माहिती मुद्दाम न देणेही चालते, पण ती उणीव शिक्षकाच्या टिपणात नोंदलेली हवी. विद्यार्थ्यांनी बेल्टचा ताण विचारला आणि शिक्षकालाच तो द्यायचा राहून गेला होता असे कळले, तर वर्ग तिथेच विस्कटतो.

नावे झाकण्याच्या कामात सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून त्यावर थोडे अधिक. कंपनीचे नाव, गाव, उत्पादनाचे नाव बदलणे सोपे आहे. ओळख पटते ती इतर ठिकाणांहून : ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक, फोटोतली नेमप्लेट, मागच्या भिंतीवरचा फलक, कामगाराच्या खिशावरचे बोधचिन्ह, स्क्रीनशॉटमधला फाइलचा पत्ता, फोटोत आपोआप साठवलेले ठिकाण आणि वेळ, पीडीएफच्या गुणधर्मांत बसलेले लेखकाचे नाव. पीडीएफमधल्या मजकुरावर काळा चौकोन ठेवला की तो झाकला जातो, पुसला जात नाही. निवडून कॉपी केला की सगळा बाहेर येतो. मजकूर मूळ फाइलमधून काढा आणि मग नवी पीडीएफ बनवा.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. गुप्ततेसाठी सगळ्या मापांना एखाद्या आकड्याने गुणले जाते. ४० मिमीच्या शाफ्टला १.२ ने गुणून ४८ केले आणि भार तोच ठेवला, तर सेक्शन मॉड्युलस, म्हणजे छेदाची वाकण्याला तोंड देण्याची क्षमता, व्यासाच्या घनाप्रमाणे वाढून १.७३ पट होतो आणि ताण ५८ टक्क्यांवर येतो. कागदावर तो शाफ्ट तुटतच नाही. शिवाय ४८ मिमी बोअरचे बेअरिंग प्रचलित मालिकांत मिळत नाही, तिथे ४५ नंतर ५० येते. हुशार विद्यार्थी हे पकडतो आणि मग केसमधल्या एकाही आकड्यावर त्याचा विश्वास राहत नाही. द्रवांच्या केसमध्ये रेनॉल्ड्स क्रमांक (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा) असाच बिघडतो, सर्किटमध्ये टाइम कॉन्स्टंट (सर्किट किती झटपट प्रतिसाद देते त्याचे माप). तेव्हा भौतिक आकड्यांना हात लावू नये. किमती सगळ्या एकाच गुणकाने बदलाव्यात, म्हणजे त्यांची आपसांतली गुणोत्तरे टिकतात. तारखा सगळ्या सारख्याच दिवसांनी सरकवाव्यात आणि तो आकडा सातच्या पटीत ठेवावा, म्हणजे सुट्टीच्या वारी यंत्र बंद असल्याचा तपशील जुळतो. एखादे माप बदलणे भागच असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेली साखळी पुन्हा सोडवून पाहावी. तेवढा वेळ नसेल तर ती केस सोडून द्यावी.

परवानगी दोनदा घ्यावी. पहिली इंटर्नशिपच्या सुरुवातीला, एका पानावर, ‘अहवालावरून केस लिहिली जाऊ शकते, ती तुम्हाला दाखवल्याशिवाय वापरली जाणार नाही’ इतकीच. दुसरी तयार केस वाचून झाल्यावर. विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकाला सही करण्याचा अधिकार नसतो, असे पुष्कळदा निघते. सही कोणाची लागेल हे पहिल्याच पत्रात विचारून घ्या. इंटर्नशिप संपल्यापासून चार आठवड्यांच्या आत मसुदा कंपनीकडे जायला हवा. उशीर झाला की माणसे बदली होऊन जातात आणि त्यांच्या जागी आलेल्याला नकार देणे सर्वांत सोपे वाटते. कंपनीला संकोच वाटत असेल तर एक-दोन वर्षांनंतरच केस वापरण्याची अट आपण स्वतःहून पुढे ठेवावी.

विद्यार्थ्याचीही संमती लागते आणि तिचा गुणांशी काही संबंध असता कामा नये. केसवर त्याचे नाव सहलेखक म्हणून यावे. आकडे त्याने गोळा केले, रात्रपाळीला उभा तो राहिला. पण केसमध्ये त्याची स्वतःची चूक दाखवली असेल तर नाव न देण्याचा पर्याय त्याला असावा. अहवालात सुरक्षेचा भंग दिसला, म्हणजे गार्ड काढून चालवलेले यंत्र किंवा बायपास केलेला लिमिट स्विच (यंत्र ठरलेल्या हद्दीवर थांबवणारा), तर केस बाजूला ठेवून आधी कंपनीला लेखी कळवावे. शिकवण्याची सामग्री म्हणून ते जपून ठेवणे आणि गप्प बसणे आम्हाला मान्य नाही.

केससोबत शिक्षकाचे टिपण नसेल तर ती दुसऱ्या कोणाला शिकवता येत नाही. लिहिणारा शिक्षक रजेवर गेला की केसही रजेवर जाते. टिपणात कोणत्या विषयाच्या कोणत्या घटकासाठी केस आहे, आधी काय शिकवलेले असावे, पूर्ण सोडवलेली आकडेमोड, विद्यार्थी हमखास घेतात ती चुकीची वाट आणि तिथून परत आणणारा प्रश्न, हे सगळे यावे. आपल्या शाफ्टसाठी तो प्रश्न ‘बेअरिंगचा कॅटलॉग कोणी उघडला का?’ हा आहे. पहिला भाग दोन दिवस आधी द्यावा. साठ मिनिटांच्या तासात वीस मिनिटे चार-पाच जणांच्या गटात, वीस मिनिटे सगळ्यांसमोर, मग दुसरा भाग वाटून उरलेला वेळ त्यावर. पहिल्या प्रयोगात शिक्षकाने कमी बोलावे आणि विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घ्यावा. एकच माहिती तीन-चार गटांनी मागितली तर ती परिशिष्टात घालावी.

उत्तरे पुढच्या वर्गाला कळतात, हे धरूनच चालावे. दुसरा आणि तिसरा भाग कागदावरच द्यावा आणि तासाअखेर परत घ्यावा. त्यानेही गळती पूर्ण थांबणार नाही. म्हणून गुण उपायाला न देता कारणांना आणि आकडेमोडीला द्यावेत. ‘कॉलर रिंग’ हे उत्तर माहीत असणाऱ्यालाही रिंगच्या चॅम्फरचे माप काढावेच लागते.

या सगळ्याला वेळ लागतो. निवड, कंपनीशी पत्रव्यवहार, लेखन, आकड्यांची फेरतपासणी, टिपण आणि पहिला प्रयोग मिळून एका केससाठी तीस ते चाळीस तास धरावेत. हे तास शिक्षकाच्या कार्यभारात अधिकृतपणे दाखवल्याशिवाय केस तयार होणार नाहीत. एकट्याच्या उत्साहावर पहिली केस होते, तिसरी होत नाही. अभ्यासमंडळांनी केसलेखनाला शिक्षकाच्या शैक्षणिक कामात मोजावे आणि निदान एका डिझाइन विषयाच्या अंतर्गत गुणांत केसला जागा द्यावी. समन्वयकांनी कंपन्यांना जाणाऱ्या पत्रात संमतीचे ते एक पान जोडावे. विभागप्रमुखांनी गेल्या दोन वर्षांचे अहवाल दोन शिक्षकांकडून एकदा चाळून घ्यावेत. प्रत्येक अहवालाला दहा मिनिटे पुरतात, कारण शोधायचे एकच आहे : आकड्यांसह लिहिलेला, सोडून दिलेला पर्याय.

पुढची तुकडी निघण्याआधी निर्णय-नोंदीचे कोरे पान प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात पडायला हवे. ते पहिल्याच आठवड्यात भरायला लागते, म्हणून हे पत्र आता लिहीत आहोत.

आपले,
अभियांत्रिकी शिकवणारे आणि केस लिहिणारे काही शिक्षक